आधी जागा साफ

३ फेब्रुवारी, मंगळवार

कंपनी सोडून आज चौथा दिवस. सतरा वर्षांची कंपनी, दोघांची. माझी आणि भागीदाराची. भागीदार सगळ्यांना सांगतो, "त्याची त्याने सोडली." ढकलत दारापर्यंत न्यायचं आणि मग म्हणायचं, उंबरा तूच ओलांडलास.

कारण लिहून ठेवतो. पुढे कोणी तिखटमीठ लावून सांगितलं तर ताडून पाहता येईल.

मी एक साधन लिहिलं आहे. नाव 'पाया'. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची: 'पाया नवा', पुढे प्रोजेक्टचं नाव. दोन सेकंदांत सगळं उभं राहतं. फोल्डर, सेटिंगच्या फायली, लेखकाच्या जागी माझं नाव, पहिली टेस्ट, बदलांच्या इतिहासातली पहिली नोंद. पण बांधण्याआधी ते एक काम करतं. त्या नावाचं फोल्डर आधीच असेल, तर ते रिकामं करतं. आधी जागा साफ, मग बांधकाम. जुन्या विटांवर नवी भिंत मी चढवत नाही.

'खरंच पुसू का?' असं पाया विचारत नाही. नऊ वर्षं कंपनीतला प्रत्येक प्रोजेक्ट त्यानेच सुरू झाला. नोव्हेंबरात नव्या मुलीने क्लायंटच्या चालू प्रोजेक्टचं नाव देऊन ते चालवलं. तिघांचं अकरा दिवसांचं काम गेलं.

भागीदार म्हणाला, "एक प्रश्न घाल त्यात. चार ओळींचं काम आहे."

मी म्हणालो, "डोळे उघडे ठेवून टाइप करायला शिकव तिला."

"अरे, माणसं चुकतात."

"मग त्यांना माणसांची कामं दे."

मुलगी रडली म्हणे. झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी. अडीच महिने तोच विषय. शेवटी मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. त्याने त्या उचलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिला. नाटकी आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार

आमच्या मुलीच्या खोलीत टेबल लावलं. ती शिकायला गेल्यापासून खोली बंदच होती. छताला तिने लहानपणी चिकटवलेले चांदण्यांचे तुकडे आहेत. टेबल खिडकीशी, खुर्ची जेवणघरातली.

ही संध्याकाळी चहा घेऊन आली. ही इस्पितळात स्पीच थेरपिस्ट आहे. पक्षाघातानंतर ज्यांचं बोलणं जातं त्यांना पुन्हा बोलायला शिकवते. म्हणाली, "मोकळा आहेस तर माझं एक काम कर."

काम चांगलं आहे. पडद्यावर चित्र येईल, रुग्ण शब्द म्हणेल, आणि त्याला त्याचाच सहा महिन्यांपूर्वीचा आवाज शेजारी ऐकू येईल. आपण किती पुढे आलो ते त्यांना कळत नाही म्हणे. त्यांना वाटतं, आपण होतो तिथेच आहोत. खचतात आणि यायचं बंद करतात.

हिच्याकडे एका रुग्णाचे आवाज आहेत. भूगोलाचे निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना सर म्हणतात. ऑगस्टपासून दर शुक्रवारी हिने फोनवर रेकॉर्ड केलं आहे. एकशे बारा आवाज. सत्तावीस तारखेला विभागाचे मोठे डॉक्टर प्रोग्रॅम बघणार. पसंत पडला तर विभागात सगळीकडे.

तेवीस दिवस. मला दहा पुरतील. भागीदाराला कळेल, कंपनी कुणामुळे चालत होती ते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

'पाया नवा उच्चार'. दोन सेकंद.

दिवसभर सेटिंग केलं. कोडच्या ओळीच्या सुरुवातीला चार मोकळ्या जागा सोडायच्या की दोन, ते ठरवलं. चार. भागीदाराने कंपनीत दोन करून घेतल्या होत्या. सतरा वर्षं दोन सहन केल्या.

रात्री जेवताना ही म्हणाली, "झालं का सुरू?"

"पाया झाला."

"घर?"

हिला या कामातलं कळत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

'उच्चार' मोडलं. फोल्डरची रचना चुकली होती. आज नव्याने, 'वाचा' या नावाने. आता छान बसलं आहे. टेस्ट चालते. टेस्टमध्ये अजून तपासायला काही नाही, म्हणून ती लगेच पास होते.

ही दारातून म्हणाली, "चित्रं कधी दिसणार?"

म्हटलं, "घाईने केलेल्या कामाचं काय होतं ते मी सतरा वर्षं बघितलं आहे."

"बरं," म्हणाली. हिचं 'बरं' मला आवडत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आवाजांवरून हिच्याशी वाद. आवाज हिच्या फोनमध्ये, शिवाय जुन्या लॅपटॉपवर, शिवाय काही ईमेलमध्ये. पसारा. मी सांगितलं, सगळे एकाच जागी हवेत. माझ्या मशीनवर 'वाचा' फोल्डरमध्ये टाक, मी नंतर नीट लावून घेतो. आणि बाकीचे काढून टाक. प्रोग्रॅम होईपर्यंत नवं रेकॉर्डिंगही नको.

"राहू दे की फोनमध्ये. काय खातात का ते?"

"दोन ठिकाणी ठेवलं की खरं कुठलं हाच घोळ होतो. एक जागा म्हणजे एक जागा."

"आणि तुझं मशीन बिघडलं तर?"

"माझं मशीन आजवर बिघडलेलं नाही."

माझ्यासमोर बसून हिने आधी आवाज टाकले, मग फोनमधून एकेक पुसले. एकदम सगळे निवडून पुसता येतात, ते मी दाखवलं. तरी एकेकच पुसले. प्रत्येक आधी कानाशी धरून. तासभर लागला. मला त्या वेळात जेवून घेता आलं.

प्रोजेक्टच्या इतिहासात पाया आवाजाच्या फायली घेत नाही. जड असतात. हा नियम माझाच, आणि योग्य आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सरांना भेटलो. ही म्हणाली, ज्याच्यासाठी करतोस तो माणूस तरी बघ.

लहान खोली, भिंतीला आरसा, टेबलावर चित्रांच्या पत्त्यांची चळत. सर उंच आहेत, उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. सून घेऊन येते. हिने चष्म्याचं चित्र दाखवलं. सरांनी चित्राकडे बघितलं, ओठ हलवले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "गाढवा!"

मी दचकलो. सून हसली. "तुम्हाला नाही हो. तो एकच शब्द आपोआप येतो त्यांना. चाळीस वर्षं वर्गात वापरला ना. पाणी हवं असलं तरी गाढवा, दार लाव म्हणायचं असलं तरी गाढवा. पहिल्या दिवशी डॉक्टरांनाच म्हणाले."

"पहिलं रेकॉर्डिंग तेच आहे," ही म्हणाली.

सरांना ते कळतं. शब्द निसटला की मान खाली घालतात. मग पुन्हा प्रयत्न. "च… च… चष…" ही गप्प बसून राहते. घरी दोन वाक्यांमध्ये श्वास न घेणारी बाई इथे पूर्ण तीन मिनिटं गप्प. मी घड्याळात बघितलं. माझ्या तोंडावर शब्द आला होता. हिने डोळे वटारले.

"चष्मा," सर म्हणाले.

सगळ्यात कठीण गेलेला शब्द 'उद्या'. उद्याचं चित्र काढता येत नाही. सात शुक्रवार लागले. डिसेंबरात एकदा आला, नंतर पुन्हा नाही. सून म्हणाली, "तेवढा एक मला द्या हो फोनवर. ह्यांना ऐकवायचा आहे." ह्यांना म्हणजे सरांच्या मुलाला. तो लांब नोकरीला असतो. मी म्हटलं, प्रोग्रॅम झाला की सगळं त्यातच मिळेल.

१६ फेब्रुवारी, सोमवार

भागीदाराचा ईमेल. विषय: 'पाया, एक प्रश्न'. उघडला नाही.

कंपनीत अजून पायाच वापरतात, हे दुसरीकडून कळलं. माणूस नको, त्याचं साधन हवं. लाज नाही. विहीर आपली नाही म्हणायचं आणि पाणी तिचंच भरायचं.

काम फारसं झालं नाही. मन लागत नव्हतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

भागीदाराचा फोन. घेतला, कारण उचलला नाही तर घाबरला म्हणेल.

"कसा आहेस?"

"कामात."

"ईमेल बघितलास?"

"नाही."

"बघ रे. दोन मिनिटं लागतील. तुझ्याशिवाय अडलंय."

"अडू दे."

मग म्हणाला, "ती मुलगी सोडून गेली." जणू मीच घालवली. म्हटलं, "चांगलं झालं. दुसरीकडे जाऊन पुसेल." त्याने फोन ठेवला. माझ्या तोंडावर फोन ठेवला! सतरा वर्षांत पहिल्यांदा.

टेबलाशी बसलो तर पडद्यावर माझं काम, आणि त्यात सगळीकडे त्याच्या सवयी दिसायला लागल्या. फायलींची नावं त्याच्या पद्धतीची. एका ठिकाणी तर दोन जागा. मी तशा कधी सोडल्या कळलंच नाही. हात शिवशिवत होते. असल्या विटा ठेवायच्याच कशाला?

'पाया नवा वाचा'. दोन सेकंद. स्वच्छ.

आठ दिवस आहेत. पुरेत. फार दिवसांनी झोप चांगली लागेल.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ही चारला घरी आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "सर आज 'उद्या' म्हणायला बघत होते. उ पर्यंत आले. मागचा लाव ना, त्यात जीभ कुठे लावली होती ते ऐकायचं आहे."

फोल्डर उघडलं.

आवाज नाहीत.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळपासून सगळं करून बघितलं. कचरापेटीत नाहीत. पाया कचरापेटीत टाकत नाही, सरळ पुसतो. इतिहासात नाहीत. जुन्या लॅपटॉपवर नाहीत. ही माझं ऐकते तेव्हा नीट ऐकते. ईमेलमध्येही नाहीत. एकशे बारापैकी एकही नाही.

पुसलेला माल परत काढून देणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदार पंचविशीचा, कानात बाळी. मशीन लावून बघितलं.

"नाही येणार साहेब. या जातीची डिस्क पुसलेली जागा लगेच धुऊन टाकते. कुणी पुसलं?"

"साधनाने."

"साधन कुणी चालवलं?"

मी पाकीट काढलं.

"विचारलं नाही का त्याने, पुसू का म्हणून? आजकाल साधा फोटो पुसायचा तरी फोन विचारतो."

दोनशे ग्राहकांसमोर म्हणाल्यासारखं वाटलं. दुकानात आम्ही दोघंच होतो.

हिची चूक आहेच. मी म्हटलं होतं, फोल्डरमध्ये टाक. टाकल्यावर सांगायला काय झालं होतं, की टाकले आहेत, आता जपून. फोनमध्ये ठेवायचे असते तर ठामपणे सांगायचं. 'बरं' म्हणून कसं चालेल?

हे हिला म्हणालो. ही भाजी निवडत होती. निवडत राहिली.

२३ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस अबोला. आज मीच तोंड उघडलं. म्हटलं, बोलून टाक एकदा काय ते. शिव्या दे.

"शिव्या कशाला?" ही म्हणाली. "मी शुक्रवारी सरांना सांगणार आहे, माझ्याकडून गेले म्हणून."

"तुझ्याकडून?"

"विश्वासाने माझ्याकडे दिले होते त्यांनी. मी काढून दुसऱ्याच्या हातात ठेवले."

"दुसऱ्याच्या? मी दुसरा?"

ही बघत राहिली. भागीदाराने किल्ल्यांकडे बघितलं होतं तसं. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "त्या मुलीचं नाव काय होतं रे?"

"कुठल्या?"

"तुमच्या ऑफिसातली. जिच्याकडून अकरा दिवसांचं गेलं."

विषय काय, प्रश्न काय! मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. खालच्या मजल्यावरच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

नाव आठवलं नाही. सहा महिने माझ्या मागच्या टेबलावर बसत होती. पिवळा डबा आणायची. डबा आठवतो.

२५ फेब्रुवारी, बुधवार

हिने मोठ्या डॉक्टरांना कळवलं, सत्तावीसला दाखवायला काही नाही. त्यांनी पुढची तारीख दिलेली नाही. "बघू" म्हणाले.

मी हिला म्हटलं, शुक्रवारी मी येतो. सरांना मी सांगतो.

"का?"

"पुसले मी."

"बरं," म्हणाली. हे 'बरं' वेगळं होतं. की मलाच वेगळं ऐकू आलं?

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

तीच खोली. सून भिंतीशी, सर खुर्चीत, ही टेबलापलीकडे. मी उभा राहिलो. बसायला सांगितलं, बसलो नाही.

"सर, तुमचे ऑगस्टपासूनचे आवाज माझ्याकडे होते. माझ्याकडून पुसले गेले." मग वाक्य दुरुस्त केलं. "मी पुसले. न बघता. सगळे."

सून म्हणाली, "सगळे? तो 'उद्या'सुद्धा?"

"हो."

"अहो, एक तर द्यायचा होता. एकच मागितला होता मी." ती तोंड फिरवून आरशाकडे बघायला लागली. तिथेही आम्हीच दिसत होतो.

मी वाट बघत होतो. तो एक शब्द आपोआप येतो, येईल, त्यांना पाणी हवं असलं तरी येतो. आला असता तर सुटलो असतो. आला नाही. सरांनी डावा हात टेबलावर ठेवला, ओठ मिटून घेतले. ही गप्प. मीही गप्प. पहिल्यांदाच घड्याळात बघितलं नाही, म्हणून किती वेळ गेला ते सांगता येणार नाही.

मग सरांनी बोटाने हिच्या फोनकडे दाखवलं.

"रेकॉर्ड करू?" हिने विचारलं.

मान हलवली. हिने फोन चालू करून समोर ठेवला आणि पत्त्यांतलं वरचं चित्र उचललं. सरांनी ते हाताने बाजूला सारलं. माझ्याकडे वळले. गालाचा डावा भाग हलला, गळ्याची शीर ताठ झाली. "ग… ग…" हा आपोआप आलेला नव्हता. हा शोधून, उचलून, एकेक पायरी चढवून आणलेला होता.

"गाढवा," सर म्हणाले. आणि या वेळी मान खाली घातली नाही.

सुनेने पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत, ते आरशातही कळलं नाही.

"हा पहिला," ही म्हणाली, आणि फोनवर तारीख घातली.

२ मार्च, सोमवार

भागीदाराचा सोळा तारखेचा ईमेल उघडला. चार ओळींचा कोड. पुसण्याआधी फोल्डरात काय आहे ते बघायचं आणि विचारायचं. खाली एक वाक्य: 'तुझ्या साधनात तुला न विचारता हात घालणार नाही. बघ आणि सांग.'

यावरही राग आला. साडेतीन महिने थांबला. कंपनीतल्या सगळ्यांना हात आवरायला लावून थांबला. तोवर परस्पर घातल्या असत्या या चार ओळी तर? तर मी आकाशपाताळ एक केलं असतं. हेही खरं आहे.

ओळी पायात घातल्या. त्याने सुरुवातीला दोन जागा सोडल्या होत्या. चार केल्या.

हिने सरांचा नवा आवाज 'वाचा' फोल्डरमध्ये ठेवला आहे. तिच्या फोनमध्येही आहे, जुन्या लॅपटॉपवरही आहे आणि सुनेकडेही आहे. मी काही म्हटलं नाही.

'पाया नवा वाचा' टाइप केलं. काळ्या खिडकीत ओळ आली: 'या फोल्डरमध्ये तुमची १ फाईल आहे. पुसायची?'

माझंच साधन, मलाच विचारत होतं. खुर्चीत मागे रेललो. मग 'नाही' टाइप केलं.

'काहीही पुसलेलं नाही,' पाया म्हणाला आणि थांबला.

मग जुन्याच फोल्डरमध्ये चित्र दाखवणारी पहिली ओळ लिहिली. चष्म्याचं चित्र. ही इस्पितळातून आली की दाखवतो.

नव्या मुलीचं नाव अजून आठवलेलं नाही. तिने केलेले तीन प्रोजेक्ट माझ्या मशीनवर आहेत, तिन्ही उघडून बघितले. लेखकाच्या जागी पाया सगळीकडे माझंच नाव घालतो. भागीदाराला विचारावं लागेल.